मधलं बक्कल

धाकटी बहीण पुण्याहून आली, तेव्हा मेहुण्यांच्या गाडीतून आधी तीन खुर्च्या उतरल्या आणि मग तीन मुलं. खुर्च्या म्हणजे गाडीत लहान मुलांना बांधून बसवायच्या त्या. मेहुण्यांनी त्या एकेक करून आमच्या ओट्यावर मांडल्या, चहा उभ्याउभ्याच घेतला आणि कामासाठी गोव्याला निघून गेले. दोन खुर्च्या जाडजूड, डोक्यापासून मांड्यांपर्यंत गाद्याच गाद्या, त्या जुळ्या पोरांच्या. तिसरी बसकी, बिनपाठीची, थोरल्या मुलीची. तिला म्हणे बूस्टर म्हणायचं. तिघींनी ओटा असा अडवला की मला चप्पल काढायलाही जागा राहिली नाही. मला त्या बघताक्षणी आवडल्या नाहीत.

पण त्यांच्याशी जमवून घेणं भाग होतं. जुळ्यांना तिसरं वर्ष लागलं होतं, आणि आमच्या घरात जावळ काढायचं ते उळवीच्या देवाला, जत्रेच्या दिवसांत, मामाच्या मांडीवर. मामा मी एकटाच. बहिणीनं आठवडाभर आधी फोनवर अट घातली होती, "अण्णा, तिन्ही सीटा तुझ्या गाडीत मागं नीट बसल्या तर उळवीला येऊ. न्हाई बसल्या तर जावळ पुण्यातच. जीपबीप सांगू नकोस मला." पुण्यात म्हणजे कुठल्यातरी सलूनच्या फिरत्या खुर्चीत, आणि मामा फोनच्या पडद्यावर. मी म्हटलं, "बसत्यात की, न बसायला काय झालं!" फोन ठेवला आणि टेप शोधायला लागलो.

ही अट का, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त कुणी उच्चारत नव्हतं. पाच वर्षांपूर्वी, थोरली दीड वर्षाची असताना, मी तिला आणि आईला गाडीतून जोयड्याच्या बाजाराला नेत होतो. आई पुढं माझ्या शेजारी, पोरगी तिच्या मांडीवर. एका वळणावर गवा आडवा आला. मी ब्रेक दाबला, पोरगी आईच्या हातातून निसटली आणि तिची हनुवटी समोर आपटली. चार टाके पडले. हनुवटीखाली अजून पांढरी रेघ दिसते. बहीण तेव्हा भांडली नाही, माहेरी यायचीही थांबली नाही. पण तिची मुलं त्यानंतर कधी माझ्या गाडीत बसली नाहीत. मी गाडी काढतो म्हटलं की तिला घरात नेमकं काहीतरी काम आठवायचं. पाच वर्षं मी ते गिळत आलो होतो, आणि आता ह्या तीन खुर्च्यांनी मला परीक्षेला बसवलं होतं.

माझी गाडी पाच जणांची आहे असं तिच्या कागदांवर लिहिलंय. ह्याच गाडीनं रामनगरहून खानापूरला लग्नासाठी अकरा माणसं नेली आहेत, वर तांदळाचं पोतं. आमच्याकडं गाडी निघताना आत किती बसले ते कुणी मोजत नाही, बाहेर कोण राहिलं तेवढं विचारतात. आणि त्या गाडीत आता सहा वर्षांची एक मुलगी आणि अडीच वर्षांची दोन पोरं मावत नव्हती. मागची सीट दारापासून दारापर्यंत पन्नास इंच. खुर्च्या तिन्ही मिळून बावन्न. मी तीनदा मोजलं, टेप उलटा धरूनही मोजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं होतं. बायको स्वयंपाकाच्या तयारीसाठी आदल्या दिवशीच आमच्या भावकीबरोबर उळवीला गेली होती. न्हाव्याला दुपारच्या आत येतो म्हणून सांगून ठेवलं होतं. मी उजाडायच्या सुमाराला गाडी धुतली, मागचा गाळ काढला, तोवर आई ताट घेऊन आली. नवी वस्तू दारात आली की हळदकुंकू लागल्याशिवाय ती आमच्यात घरची होत नाही. आईनं खुर्च्यांना बोटं लावली, गाडीच्या नाकाला लावली, मग मागचं दार उघडून रिकाम्या सीटवर ओल्या हळदीच्या अक्षता टाकल्या. एकदा टाकून भागलं नाही, तीन वेळा टाकल्या, ओंजळ भरभरून. मी बादली घेऊन खोळंबलो होतो.

"आई, आवर की आता. लगीन हाय का सीटांचं?"

"तू सुम्म बस," मला गप्प करत ती म्हणाली आणि ताट घेऊन आत गेली. मी वरवर दिसणारे दाणे हातानं झाडले आणि कामाला लागलो.

पहिला डाव असा मांडला: दोन जाड्या खुर्च्या दोन दारांना, बूस्टर मध्ये. बूस्टर फटीत गेला खरा, पण त्याच्याखाली मधल्या पट्ट्याचं बक्कल गडप झालं. बक्कल बाहेर काढावं तर बूस्टर वर उचलला जायचा, आणि बूस्टर दाबावा तर माझी बोटं खाली अडकायची. शिवाय थोरलीला मध्ये बसवल्यावर दोन्हीकडच्या गाद्या तिच्या कानांना लागायला लागल्या. "मामा, मला डावीकडचं आणि उजवीकडचं काहीच दिसत नाहीये," ती म्हणाली. तक्रार नव्हती, तिनं फक्त माहिती दिली. मी सगळं उपसून बाहेर काढलं.

दुसरा डाव, एक जाडी डावीकडं, दुसरी मध्ये, बूस्टर उजवीकडं. दार लागेना. मी बाहेरून दारावर पाठ लावून रेटलं. दार लागलं, पण आतून असा काही कडकन आवाज आला की बहीण ओट्यावरून उठून आली. तिनं दार उघडलं, खुर्ची हातानं हलवून बघितली आणि म्हणाली, "हलत्येय." मी म्हटलं, जरा हललं तर काय बिघडतं. ती म्हणाली, "मग बांधायचंच कशाला?" माझा पारा चढला. मी खुर्च्या पुन्हा उपसल्या, ह्या वेळी जरा आपटतच.

तोवर ऊन ओट्यावर आलं होतं. जुळी पोरं अंगणातल्या बादलीत एकमेकांचे बूट बुडवत होती. जत्रेच्या गाड्या रस्त्यानं जाताना ऐकू येत होत्या. बैलांच्या घुंगरांचा आवाज, मग एखादा ट्रॅक्टर, भोंगा लावलेला. मला त्या प्रत्येक आवाजाचा राग येत होता. ज्यांना खुर्च्या बसवायच्या नव्हत्या ते सगळे उळवीच्या वाटेला लागले होते.

तिसरा डाव बहिणीनं सुचवला, हे कबूल केलं पाहिजे. खुर्च्या बुडाशी अरुंद होत्या आणि खांद्याशी रुंद; दोघींचे खांदे एका रेषेत आले की भांडायच्या. तिनं मधलीची पाठ सरळ उभी केली, डावीकडची जराशी मागं कलती ठेवली, आणि दोघींचे खांदे पुढंमागं होऊन एकमेकींच्या वाटेतून बाजूला झाले. माझ्या मागं बूस्टर बसला. दोन्ही दारं हलक्या हातानं लागली. डावीकडचा पट्टा लागला, बूस्टरचा लागला. माझा जीव भांड्यात पडणार तेवढ्यात मधलं बक्कल हटून बसलं.

पट्ट्याचं लोखंडी टोक बक्कलात शिरायचं, अर्ध्यात थांबायचं आणि सोडलं की परत बाहेर. टक असा आवाज काही येईना. मी म्हटलं, खुर्ची दाबत असेल. गुडघ्यानं खुर्ची रेटून बघितलं. पट्टा ढिला करून, घट्ट करून, पिळा काढून बघितला. एक पाय आत, एक पाय बाहेर, मान छपराला टेकलेली, अशा अवस्थेत मी पाऊण तास काढला. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख मुळापासून उचकटलं. ज्यांनी ही गाडी केली, ज्यांनी ह्या खुर्च्या केल्या, ज्यांनी पुण्याला जायची वाट काढली, त्या सगळ्यांचा मी मनातल्या मनात उद्धार केला. मग मनातल्या मनात भागेना.

"पोरं हायत का काचेची भांडी?" मी ओरडलो. "आमी बैलगाडीतनं हिंडलो, ट्रकच्या टपावर बसून उळवी केली. मेलो व्हय?"

बहीण चिडली की तिची पुण्याची भाषा गळून पडते. "तू न्हाई मेलास," ती म्हणाली, "पण तिची हनवटी बघ एकदा. बघितलीस का जवळनं कधी?"

"त्यो गवा मी बोलावला हुता काय? आईच्या मांडीवर हुती पोरगी. आईच्या हातातनं निसटली."

हे वाक्य मी पाच वर्षांत किती वेळा म्हटलं असेल. पण ह्या वेळी आई दारात उभी होती. तिनं पदरानं हात पुसला आणि आत वळली. मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला. मी तिन्ही खुर्च्या ओढून काढल्या आणि मातीत ठेवल्या. म्हटलं, आता त्या बक्कलाचं तरी तोंड बघू.

फोन मी गाडीत ठेवत नाही. तो ओट्यावरून आणला, उजेड लावला आणि बक्कलाच्या फटीत डोळा घातला. आत काहीतरी पिवळं होतं. मला आधी गंज वाटला. वाकून नीट बघितलं, तर तांदूळ. हळदीत भिजलेला, फुगलेला, आतल्या पत्र्याला चिकटून बसलेला तांदूळ. एक आडवा, एक उभा, खाली आणखी किती होते देव जाणे. पन्नास इंच आणि बावन्न इंच मी जमवले होते, आणि मला अख्खी सकाळ अडवलं होतं आईच्या अक्षतांनी.

मी तसाच तावातावानं स्वयंपाकघरात गेलो. आई चुलीपुढं बसली होती. चूल पेटलेली नव्हती.

"आई, त्या बक्कलात तांदूळ घातलास तू! इतकं कशाला टाकायचं? एक चिमूट पुरत न्हाई?"

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. "ज्या हातातनं पोरगी निसटली," ती म्हणाली, "त्या हातानं आनी काय करायचं मी? मला तेवढंच येतंय."

मी उभाच राहिलो. आतापर्यंतचा सगळा राग कुठं ठेवावा ते मला कळेना. कारण त्या दिवशी गाडीत आम्ही दोघंच मोठी माणसं होतो, आणि काय झालं ते तिलाही माहीत होतं. गवा होता, हे खरं. पण तो रस्त्याच्या कडेला, आपला मुकाट चरत होता. मी फोन बघत होतो. मान वर केली, वळण अंगावर आलेलं, बाजूला काळं काहीतरी दिसलं आणि मी दचकून ब्रेक दाबला. कुणाच्याही हातातून पोर निसटलं असतं. घरी आल्यावर मी गव्याचं नाव घेतलं, आणि आई म्हणाली, माझ्याच हातातनं निसटली. तिनं ते एकदा म्हटलं आणि मी ते पाच वर्षं वापरलं.

मी बाहेर आलो. बहीण अंबाड्यातला आकडा काढून मागच्या सीटवर ओणवी झाली होती आणि बक्कलातून एकेक दाणा उकरत होती. मी सायकलचा पंप आणला. ती आकड्यानं सैल करायची, मी पंपानं फुंकायचो; दाणे उडून आमच्याच तोंडावर यायचे. सोळा दाणे निघाले. थोरली ते हातावर घेऊन मोजत होती. ती ते आजीला दाखवायला आत पळाली, तेव्हा मी बोललो. समोरासमोर बोलायचं धाडस नव्हतं, म्हणून पंपाकडं बघत बोललो.

"त्या दिशी गवा आडवा न्हवता आला. कडंला हुता. मी फोन बघत हुतो. आईचा काय दोष न्हाई त्यात."

बहिणीचा हात थांबला नाही. तिनं आणखी एक दाणा काढला. "ठाऊक हाय मला," ती म्हणाली.

"आईनं सांगितलं?"

"आई कशाला सांगंल? त्या दिसापासनं तू फोन गाडीत घेऊन चढत न्हाईस. मला दिसत न्हाई व्हय?" मग म्हणाली, "तू कधी बोलतोस, तेवढं बघत हुते."

मी आणखी दोन-तीनदा पंप मारला, आता आत काही नव्हतं तरी.

खुर्च्या चौथ्यांदा आत गेल्या. मधल्या पट्ट्याचं टोक बक्कलात घातलं, आणि टक. मी आयुष्यात इतका बारीक आवाज इतका कान देऊन ऐकला नसेल. बहिणीनं पट्टा धरून मागं पाय देऊन ओढला, सोडवला, पुन्हा लावला, पुन्हा ओढला. दहा वेळा तरी. मी ह्या वेळी खुर्ची धरून उभा राहिलो. मग पोरं बसवली. जुळ्यांनी पट्टे लागताच एका सुरात गळे काढले. थोरलीनं आपला पट्टा आपणच लावला आणि हात मांडीवर ठेवून बसली.

आणि मग, सगळं झाल्यावर, मला दिसलं की आईला जागा नाही.

मागं तीन खुर्च्या, पुढं मी आणि माझ्या शेजारी एक सीट. आठवडाभर मी इंच मोजत होतो, माणसं मोजली नव्हती. आई नवं लुगडं नेसून, हातात नारळाची पिशवी घेऊन दारात उभी होती. तिच्या ते आधीच लक्षात आलं असावं. "तुमी जावा," ती म्हणाली. "मी ऱ्हाते. कोंबड्यास्नी कोण बघायचं?" तिला बसच्या पायऱ्या चढवत नाहीत, आणि जत्रेच्या बसमध्ये उभं राहणं तर लांबच. मला त्या खुर्च्या उचलून ओढ्यात टाकाव्याशा वाटल्या.

बहिणीनं आईच्या हातातली पिशवी घेतली, पुढचं दार उघडलं आणि आईला आत बसवलं. तिचा पट्टा ओढून लावला. मला वाटलं, ती आता आईला मांडीवर घेऊन बसणार की काय. तिनं दार बाहेरून बंद केलं.

"मी बसनं येते," ती म्हणाली. "नाक्यावर जत्रेची बस मिळंल."

"आणि पोरं?" मी विचारलं. मूर्खासारखंच विचारलं.

"पोरं हायत की तुझ्यासंगट."

तिनं माझा फोन ओट्यावरून उचलून स्वतःच्या पर्समध्ये टाकला. हळू जा, जपून जा, काही म्हणाली नाही. जुळी पोरं काचेला हात लावून तिच्या नावानं रडत होती, आणि ती पर्स खांद्याला लावून नाक्याकडं चालायला लागली.

मी त्या रस्त्यानं शेकडो वेळा गेलो आहे, पण इतक्या हळू कधी नाही. ट्रॅक्टर मला मागं टाकून गेले. एका बैलगाडीनंही टाकलं. गाडीवानानं वळून बघितलं, गाडी बिघडली काय म्हणून विचारलं. जुळी जोयडा यायच्या आत रडून रडून झोपली. आईनं दोन्ही हात रिकाम्या मांडीवर ठेवले होते आणि मधूनमधून मागं वळून पट्टे बघत होती. त्या वळणावर मी वेग इतका कमी केला की गाडी बंद पडायला आली. आरशात थोरलीची हनुवटी दिसत होती. मी जरा जास्त वेळ बघितलं असेल.

"मामा, पुढे बघ," ती म्हणाली.

मी पुढं बघितलं. तेवढ्यात मागून बसचा हॉर्न वाजला. जत्रेची बस, दारापर्यंत भरलेली. मी बाजूला घेतलं, आणि ती आमच्या अंगावर धूळ उडवत पुढं निघाली. मी एकेक खिडकी बघत होतो, कारण बहीण आमच्याकडं बघेल, पोरं नीट आहेत का ते बघेल, अशी माझी खात्री होती. ती शेवटून तिसऱ्या खिडकीत होती. दांडीला डोकं टेकलेलं, तोंड अर्धवट उघडं, गाढ झोपली होती.